पिवळा डबा की राखाडी?

२७ ऑगस्ट, शनिवार

आज गल्लीचे काका, अम्म शहात, आले आणि काम देऊन गेले. बाबांना नाही, मला.

आधी वाटलं, सवयीनं बाबांकडेच आलेत. इस्माइलियात कुणाला जहाजाचं किंवा विमानाचं मॉडेल हवं असेल तर तो आमच्या दारात येऊन "रिफअत आहे का?" असं विचारतो. पण बाबांचे हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरतात. चिमटा धरला की चिमट्याचं टोक स्वतःच नाचायला लागतं. अम्म शहात हे जाणून होते. चहा संपवून त्यांनी पेला माझ्या बाजूला सरकवला आणि म्हणाले, "पोरी, मला एक रणगाडा हवाय. टी-५५. तळहातावर मावेल एवढा. सहा ऑक्टोबरपर्यंत."

"मला?" मी विचारलं.

"नाही, तुझ्या आईला," अम्म शहात म्हणाले. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "मला भेंडी निवडायची आहे, मला धरू नका!"

रणगाडा त्यांना स्वतःसाठी नको आहे. सित्त इस्तीरना द्यायचा आहे. सित्त इस्तीर, म्हणजे इस्तीरबाई, ही अम्म शहातच्या लढाईतल्या मित्राची, बिशाराची बहीण. बिशारा त्र्याहत्तरच्या लढाईत कालवा ओलांडून गेला आणि परत आला नाही. दर सहा ऑक्टोबरला, ती लढाई सुरू झाली त्या दिवशी, अम्म शहात त्यांच्याकडे आंब्यांची करंडी घेऊन जातात. आता सित्त इस्तीर नऊ तारखेला कायमच्या सिडनीला मुलाकडे चालल्या आहेत. भावाची एकही वस्तू त्यांच्याकडे नाही, चार पत्रं सोडून.

अम्म शहात टॅक्सी चालवायचे, पण गल्ली त्यांना अजून 'रणगाडा शहात' म्हणते. रणगाड्याचे चालक ते होते, म्हणजे बिशारा बहुधा तोफेवर असावा. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

माझ्या नावावर जाणारं हे पहिलंच काम. चूक झाली तर बोट कुणाकडे दाखवणार?

१ सप्टेंबर, गुरुवार

कैरोला जाऊन आले. जोडायच्या मॉडेलचे डबे विकणाऱ्या उस्ताद वगीह यांच्याकडे. बाबुल्लूक भागात घड्याळजीच्या दुकानावरचा तिसरा मजला, जिना अंधारा. बाहेरून माल येणं यंदा जवळजवळ बंद आहे, त्यामुळे सगळ्या देशात टी-५५ चे दोनच डबे शिल्लक असावेत आणि दोन्ही वगीहसाहेबांच्या कपाटात, असं ते स्वतः सांगतात. त्यातला एकच मला मिळणार. दुसरा अलेक्झांड्रियाच्या एका दातांच्या डॉक्टरांना हवाय. त्यांना कुठलाही चालतो.

"माणसाला कुठलाही चालतो म्हणजे त्याला काहीच कळत नाही," वगीहसाहेब म्हणाले. "तुम्ही निवडा, इंजिनिअरबाई. रविवारपर्यंत."

मी इंजिनिअर नाही. दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण इंजिनिअर असतो, फक्त काहींना कॉलेजनं तसं सांगितलेलं असतं."

दोन डबे असे:

पिवळा डबा नवा आहे. अकराशेच्या वर भाग. आतलं सगळं आहे: इंजिन, तोफगोळ्यांची मांडणी, चालकाची जागा, वळवायचे दोन दांडे, पायाखालचे पेडल, सगळं. झाकणं उघडी ठेवता येतात. पण मागचा पत्रा उशिराच्या बनावटीचा. त्र्याहत्तरचे रणगाडे मागून तसे नव्हते.

राखाडी डबा जुना, कोपरे मऊ झालेले. भाग तीनशेही नाहीत. झाकणं मुळातच बंद साच्यात ओतलेली, आत पोकळ. पण मागची बाजू अचूक. कुणीतरी खऱ्या रणगाड्यावर पट्टी लावून मोजल्यासारखी.

"पिवळा म्हणजे सात पदार्थांचं जेवण," वगीहसाहेब म्हणाले. "राखाडी म्हणजे फूल, आपली साधी वालाची उसळ, आणि भाकरी."

"पण फूल-भाकरी रोज खाल्ली जाते," मी म्हटलं.

"मग रोज खा! लग्नात नका वाढू."

परतीच्या गाडीत मी दोन्ही डब्यांवरची चित्रं फोनवर पाहत राहिले. मन पिवळ्याकडे आहे. हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी तटस्थ होते असं स्वतःला सांगता येणार नाही.

२ सप्टेंबर, शुक्रवार

नमाजानंतर अम्म शहात आले. मी वही घेऊन बसले. प्रश्न आधीच लिहून ठेवले होते, एकोणीस.

रंग? "वाळूचा. पण उन्हात भाजलेल्या भाकरीसारखा, कडेला काळपट."

क्रमांक? "बुरुजाच्या मागच्या अंगाला, पांढऱ्यात. दोनशे चौदा. चार अर्धा पुसलेला."

पुढे क्रमांक होता का? "पुढचं आठवत नाही."

मागचं मात्र सगळं आठवतं. मागे ओंडका बांधलेला होता, चाकं रुतली तर खाली घालायला. दोन पट्ट्यांतली उजवी पट्टी तुटलेली आणि तिच्या जागी दोरी. पिंपांच्या कड्या रिकाम्या. आणि डाव्या कोपऱ्यात छोटा दिवा. बाकी सगळ्यांचे दिवे लाल, याचा निळा. काच फुटली होती, म्हणून बिशारानं औषधाच्या निळ्या बाटलीचा तुकडा बसवला होता.

"रात्री पुलावर दुसरं काहीच दिसत नव्हतं," अम्म शहात म्हणाले. "फक्त तो निळा ठिपका. तो डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे." बोलताना त्यांचे दोन्ही हात हवेत गोल फिरत होते.

ते गेल्यावर बाबा हसले. "तीस वर्षं टॅक्सी चालवली. हात विसरत नाहीत."

मी शेवटी विचारलं होतं, "आतलं कसं होतं? तुमची जागा?"

"आत काय बघायचंय? झाकणं बंद ठेव. मागची बाजू कुठल्या डब्याची बरोबर आहे?"

"राखाडीची."

"मग?"

मी वहीत 'राखाडी?' असं लिहिलं. प्रश्नचिन्ह माझं आहे, त्यांचं नव्हतं.

४ सप्टेंबर, रविवार

पिवळा घेतला. वगीहसाहेबांना फोन करून सांगितलं.

कारण लिहून ठेवते. एखाद्या माणसानं आयुष्यातले सर्वांत मोठे दिवस एका खुर्चीवर बसून काढले असतील तर ती खुर्ची त्याला परत दाखवणं, हे दिव्याची कड अचूक असण्यापेक्षा मोठं नाही का? म्हातारी माणसं स्वतःसाठी मागत नाहीत. "आत काय बघायचंय" हे ते संकोचानं म्हणाले. मागची बाजू मी हातानं बनवीन. पत्रा, तार, जुने तुकडे, सगळं आहे. आतली बाजू मात्र हातानं बनवता येणार नाही. म्हणून पिवळा.

बाबांना कारण सांगितलं. ते जहाजाच्या शिडाची दोरी बघत होते, बघतच राहिले.

"गिऱ्हाईक काय म्हणालं होतं?"

"मागची बाजू."

"हं."

"बाबा, माझं चुकतंय का?"

"शाळेत जायच्या आधी तुला मी अंक कशावरून शिकवले?"

"किटमधले भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात, तिच्यावरच्या आकड्यांवरून."

"आणि पहिला नियम काय सांगितला होता?"

"जे दिसणार नाही ते आधी रंगवायचं."

"मग रंगव," म्हणाले आणि पुन्हा दोरीकडे वळले. मी याचा अर्थ 'बरोबर आहे' असा घेतला.

७ सप्टेंबर, बुधवार

डबा आला. भाग मोजले. एक हजार एकशे अडतीस. पत्रकावर एक हजार एकशे चाळीस लिहिलंय. पुन्हा मोजले. एक हजार एकशे चाळीस. मी दोन भाग माझ्याच बाहीला चिकटवून बसले होते.

१२ सप्टेंबर, सोमवार

चालकाची जागा पूर्ण झाली. नखाएवढी खुर्ची, शिवणीची रेघ पिनेच्या टोकानं. दोन दांडे, मुठी काळ्या, जिथं हात लागून रंग उडतो तिथं चांदीसारखा थोडा ब्रश. मी अभिमानानं लिहितेय आणि लिहिताना लाज वाटतेय, पण ती चांगली झाली आहे. तितकी चांगली वस्तू मी याआधी बनवली नव्हती.

संध्याकाळी अम्म शहातना बोलावलं. सांगाडा अजून उघडा होता, वरून सगळं दिसत होतं. मी भिंग त्यांच्या हातात दिलं.

ते सांगाड्यावर वाकले.

"हे काय?" भिंगातूनच विचारलं.

"तुमची जागा. आणि हे दांडे. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. तुम्हालाच माहीत असायला हवं!" मी हसले. एकटीच हसले.

"अस्सं असतं होय," ते म्हणाले, अगदी हळू. मग भिंग खाली ठेवलं. "हा माझा नाही, सुहैला."

"कसला फरक आहे सांगा, मी लगेच—"

"चांगलं केलंयस. हात चांगला आहे तुझा. पण हा माझा नाही." चहा न घेता गेले. अम्म शहात आमच्याकडून चहा न घेता गेल्याचं आईलासुद्धा आठवत नाही.

१३ सप्टेंबर, मंगळवार

झोप नाही. सकाळी आठला वगीहसाहेबांना फोन केला. त्यांचं दुकान दहाला उघडतं.

"राखाडी अजून आहे का?"

"डॉक्टर शनिवारी घेऊन गेले. काय झालं, इंजिनिअरबाई? सात पदार्थ पचले नाहीत?"

डॉक्टरांचा नंबर मागितला. त्यांना फोन केला. ते म्हणाले, सगळे भाग चौकटीतून कापून मुलाला खेळायला दिले आहेत. मुलगा तीन वर्षांचा आहे. मी आभार मानले. का मानले, माहीत नाही.

मग बाबांजवळ जाऊन बसले. सांगितलं की दांड्यांचा आकार चुकला असावा किंवा खुर्ची वेगळ्या रंगाची होती, ते नीट सांगत नाहीत, वय झालं आहे, विसरले असतील आणि आता विसरल्याची लाज वाटते आहे.

बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी काहीतरी फार पोरकट बोलले होते.

"ते काही विसरलेले नाहीत," म्हणाले. "झाकणं बंद कर. मागची बाजू त्यांनी सांगितली तशी कर. आणि आतलं पुन्हा विचारू नकोस."

"पण सित्त इस्तीरकडे चुकीचा रणगाडा गेला तर?"

"चुकीचा नाही जाणार."

बाबांना इतकी खात्री कशी? मला नाही. पण एक ठरवलं. रडण्याऐवजी मोजमाप. कालव्यापलीकडच्या संग्रहालयाच्या अंगणात एक खरा टी-५५ उभा आहे. अम्म शहातना घेऊन जायचं, विचारायचं काहीच नाही, फक्त मोजायचं.

१७ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस सगळा लिहिते.

होडीनं पलीकडे गेलो. अम्म शहात आले, टोपी घालून, दाढी करून. त्यांनी होडीत माझ्या हातावर सोललेला पेरू ठेवला. म्हणजे गेल्या सोमवारचं मिटलं.

रणगाडा उन्हात उभा होता. मी पट्टी, वही आणि कागद घेऊन मागच्या पत्र्यासमोर जमिनीवर आडवी झाले. पहारेकरी धावत आला.

"बाईसाहेब, चक्कर आली का?"

"नाही, मोजतेय."

"रणगाड्याला कपडे शिवायचेत का?"

"हो, पायजमा," अम्म शहात म्हणाले आणि तो हसत सावलीत जाऊन बसला.

कड्या, पट्ट्यांचे आकडे, दिव्याची चौकट, जमिनीपासून उंची, सगळं लिहिलं. एक तास गेला. उठून पाहते तर अम्म शहात जवळ नव्हते.

ते मागे होते, बरेच लांब. रणगाड्याच्या शेपटीपासून सरळ रेषेत पावलं टाकत चालले होते, मोठ्यानं मोजत. "अठरा, एकोणीस, वीस." तिथं थांबले, वळले, पाहिलं. मान हलवली. मग शेजारच्या कट्ट्यावर चढले, गुडघे धरत, आणि तिथून पाहिलं.

"हां," म्हणाले. "इतक्या उंचीवरून. असाच."

पहारेकरी सावलीतून ओरडला, "हाजसाहेब, पुढे जा! फोटो सगळे पुढून काढतात!"

"पुढून बाकीच्यांनी पाहिला," अम्म शहात म्हणाले. "मी मागून पाहतो."

मी जवळ गेले. ते कट्ट्यावरच बसून राहिले, पाय लोंबते. माझ्याशी की रणगाड्याशी कोण जाणे, पण बोलायला लागले.

"दुपारी, पाणी ओलांडायच्या आधी, सगळे रांगेत उभे होतो. रोजे होते. बिशारा ख्रिस्ती, त्याला काय रोजा? पण त्यानंही आमच्यासमोर पाणी घेतलं नाही. मग तो उतरून मागे आला, माझ्या खिडकीवर टकटक केली आणि म्हणाला, 'शहात, रात्री माझ्या दिव्यावर नजर ठेव. तू हरवलास तर आम्ही तहानेनं मरू.' मी हरवलो नाही. तीन रात्री त्या दिव्यामागं राहिलो. चौथ्या रात्री दिवाच दिसला नाही."

खिडकी कुठली रणगाड्याला? झाकण म्हणायचं असेल. आणि बिशारा उतरून मागे का आला? मी प्रश्न वहीत लिहिला आणि खोडला. बाबांनी सांगितलंय विचारू नकोस.

होडीत परतताना मी एवढंच विचारलं, "तुम्हाला लोक रणगाडा शहात का म्हणतात?"

"साखरपुड्यात सासऱ्यानं सगळ्यांना तसं सांगितलं. पोरीच्या बापाला मोठं बोलायचा हक्क असतो. मी म्हटलं, उद्या दुरुस्त करू." पाण्याकडे पाहत हसले. "नाव रंगासारखं असतं. लगेच पुसलं तर जातं. वाळलं की खरवडावं लागतं आणि मग खालचंही निघतं."

२१ सप्टेंबर, बुधवार

मागची बाजू. पिवळ्या डब्यातला मागचा पत्रा कापून बाजूला ठेवला. कड्या तांब्याच्या तारेच्या, पट्टी सार्डिनच्या डब्याच्या पत्र्यातून, दोरी आईच्या शिवणाच्या दोऱ्याला मेण लावून. उजवी पट्टी तुटकी, डावी सलग.

ओंडका अंगणातल्या आंब्याची काडी. आंब्याची काडी योग्य आहे का, यावर अर्धा तास विचार केला. योग्य आहे.

२४ सप्टेंबर, शनिवार

निळा दिवा तीनदा केला. पहिला मोठा, दुसरा आकाशासारखा निळा, औषधाच्या बाटलीसारखा नाही. शेवटी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा मेणबत्तीवर ओढून केसासारखा केला, टोकाला थेंब तयार झाला. त्यावर रंग चढेना. आईनं कपड्यांची नीळ आणून ठेवली. "लढाईच्या वेळी आम्ही खिडकीच्या काचांना हीच लावायचो," म्हणाली. "विमानांना उजेड दिसू नये म्हणून. तुझी आजी वर्षभर निळ्या घरात राहिली."

लागला. दोन मिलिमीटर. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसतो.

चार अर्धा पुसला.

२ ऑक्टोबर, रविवार

बुरुज बसवला. तोफगोळे, इंजिन, पेडल, सगळं आत गेलं. इंजिनावरची जाळी, बुरुजाची झाकणं चिकटवली. दहा दिवसांचं काम एका मिनिटात झाकलं गेलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. ते आत आहे हे मला माहीत आहे, एवढं पुरे.

चालकाचं झाकण राहिलं. गोंदाचा ब्रश हातात घेतला. "झाकणं बंद ठेव" असं ते स्पष्ट म्हणाले होते. बंद म्हणजे बंद. बंद म्हणजे चिकटवलेलं? ते असं म्हणाले नव्हते. मी झाकण नुसतं बसवलं, चिकटवलं नाही. नखानं उचललं तर निघेल.

ही फसवणूक आहे का? माझ्या मते नाही. तरी कबूल करून ठेवते.

बाबांनी अक्रोडाच्या फळीची पेटी केली, आत कापूस. कोपरे जरा वाकडे आले आहेत. मी काही बोलले नाही. ते म्हणाले, "बोल की."

"सुंदर आहे."

"खोटारडी," म्हणाले, पण खूश होते.

६ ऑक्टोबर, गुरुवार

अम्म शहात, बाबा आणि मी सित्त इस्तीरकडे गेलो. घरात सगळीकडे खोकी. भिंतींवरून तसबिरी काढलेल्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन. एकच टेबल उरलं होतं, ते शेजारीण नेणार आहे.

दार उघडल्याबरोबर त्या अम्म शहातना म्हणाल्या, "आलास? मला वाटलं, यंदा तरी मरून सुटका करशील."

"तू गेल्याशिवाय मरत नाही. आंबे कोण आणणार?"

"कसले आंबे आणतोस! मोसम संपल्यावरचे, दोऱ्यांचे गठ्ठे." करंडी मात्र लगेच आत नेऊन ठेवली.

मी पेटी टेबलावर ठेवली. प्रदर्शनात मॉडेल नेहमी समोरून, थोडं तिरकं ठेवतात. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी ते फिरवलं. तोंड सित्त इस्तीरकडे, पाठ अम्म शहातकडे.

अम्म शहात खुर्चीवरून उठले नाहीत. फक्त पुढे झुकले. निळ्या ठिपक्याकडे पाहिलं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, ते हलले नाहीत. मग "हाच" म्हणाले. "सुहैला, हाच."

मी श्वास सोडला. तो सोमवारपासून, म्हणजे बारा सप्टेंबरपासून, अडकला होता.

सित्त इस्तीरनी चष्मा लावला. रणगाड्यावरून बोट फिरवलं, धूळ नव्हती तरी फुंकर मारली. नख चालकाच्या झाकणाला लागलं आणि झाकण निघालं. मी उभीच राहिले. आता सांगावं लागेल, असं वाटलं. पण कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. त्या आत पाहत होत्या: खुर्ची, दोन दांडे, झिजलेल्या मुठी.

"इथं बसायचा," त्या म्हणाल्या. "बिशारा पत्रात लिहायचा, 'मी चालवतो आणि बाकीचे मला शिव्या देतात.' इथं बसायचा ना माझा भाऊ?"

खोलीत पंखा नव्हता, तोही बांधून झाला होता. बाबा खाकरले.

"हो," अम्म शहात म्हणाले. "इथंच."

"आणि तू?"

मी अम्म शहातकडे पाहिलं. रणगाड्यात चालकाची जागा एकच असते. ती मी स्वतः रंगवली आहे.

त्यांनी बोट टेबलावर ठेवलं. रणगाड्याच्या मागे, लांब, जवळजवळ टेबलाच्या कडेवर. "इथं. पाण्याच्या ट्रकमध्ये."

"ठाऊक आहे," सित्त इस्तीर म्हणाल्या. "तेही लिहिलं होतं त्यानं. 'मागच्या ट्रकवाला इतका जवळ चिकटतो की त्याचं गाणं मला ऐकू येतं. बेसूर आहे, पण तो आहे हे कळतं.' अठ्ठेचाळीस वर्षं वाट पाहिली, तू कधी सांगतोस. एवढुसं तर होतं सांगायचं, म्हाताऱ्या." आणि त्यांनी चहाचा पेला उचलून, अम्म शहातचं बोट होतं तिथं, टेबलाच्या कडेवर ठेवला. "घे. प्यायचा तर पी. दर वर्षी गार करतोस."

अम्म शहातनी चहा घेतला. दोन्ही हातांनी पेला धरला होता.

माझ्या पर्समध्ये पट्टी असते. निघताना पेटी बांधायच्या निमित्तानं मी मोजलं, कुणाला दिसणार नाही असं. दिव्यापासून पेल्याच्या ओल्या गोल खुणेपर्यंत चाळीस सेंटीमीटर. मॉडेल खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं, म्हणजे चौदा मीटर. वीस पावलं.

वाटेत बाबांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"मला शंका होती," बाबा म्हणाले. "तू मोजलंस."

८ ऑक्टोबर, शनिवार

सित्त इस्तीरची पेटी हातातल्या सामानात बसते. विमान कंपनीचं माप मी तीन ठिकाणी तपासलं, त्यांनाही कळवलं. त्या म्हणाल्या, "पोरी, नाही बसली तर मांडीवर घेईन, त्याला कसलं माप?"

दुपारी अम्म शहात आले. बाहेर कॉफीहाउसच्या पायरीवर कुणीतरी हाक मारली, "रणगाडा शहात!" आणि मी खिडकीतून ऐकलं, ते थांबून म्हणाले, "रणगाडा नाही रे. पाणी." पलीकडून हशा झाला. "म्हातारा विनोदी झालाय," कुणीतरी म्हणालं. अम्म शहात वर आले तेव्हा पायऱ्या मोजत नव्हते. एरवी मोजतात, गुडघ्यांमुळे.

चहा घेतला. दोन पेले. मग पेला माझ्या बाजूला सरकवला.

"आणखी एक करशील? या वेळी माझ्यासाठी. ट्रक. झिल. मागे पाण्याची टाकी, चार पिंपं जादा. उजव्या खिडकीच्या काचेला तडा."

"कधीपर्यंत?"

"मी आहे तोपर्यंत." मग दाराशी थांबले. "आणि सुहैला. या वेळी दारं उघडी ठेव."

लगेच वगीहसाहेबांना फोन केला. झिलचेसुद्धा दोन डबे आहेत त्यांच्याकडे. एक हिरवा, नवा, भाग बारीक, पण दारं साच्यातच बंद. दुसरा जुना, चाकं जाड, टाकीचा आकार थोडा चुकलेला, पण दोन्ही दारं वेगळी, बिजागरीवर उघडतात आणि आत स्टिअरिंग आहे.

"विचार करा, इंजिनिअरबाई," ते म्हणाले. "गुरुवारपर्यंत थांबतो."

"थांबू नका," मी म्हटलं. "जुना पाठवा."